ऐलतीरावर थांबलेली क्रेन

पुलांच्या पाहणीचे अहवाल खुर्चीत बसूनच भरायचे, ही त्या कार्यालयाची जुनी रीत होती. मागच्या वर्षीचा कागद समोर घ्यायचा, तारीख बदलायची, ‘स्थिती समाधानकारक’ असं लिहून सही ठोकायची. अभियंतासाहेबही तेच करत. माणूस वाईट नव्हता, चारचौघांसारखाच होता.

नकाशे काढणारे म्हातारे काका तेवढे त्यांच्या मागे लागले होते. नदीवरच्या पुलाच्या तिसऱ्या खांबाला तडा गेलाय, एकदा खाली उतरून बघा, असं त्यांनी दोनदा सांगितलं. इतकी वर्षं उभा असलेला पूल आताच कशाला पडतोय, म्हणत साहेबांनी ते हसण्यावारी नेलं.

“साहेब, एरवी तो उभा राहीलच,” काका म्हणाले. “पण संकटात घाटरस्ता बंद पडला, तर पलीकडच्यांना तेवढाच एक रस्ता उरतो.” साहेबांनी तरीही त्या पुलाच्या अहवालावर नेहमीसारखी सही केली.

त्याच वर्षी एका सकाळी भूकंप झाला. नदीच्या अलीकडे भिंतींना भेगा पडण्यावर निभावलं. पलीकडच्या गावात मात्र घरंच्या घरं बसली, आणि पूल तिसऱ्या खांबापाशी तुटला.

पलीकडे साहेबांची थोरली बहीण राहत होती. घराचा स्लॅब तिच्या अंगावर आला होता, पण ती जिवंत होती, आतून बोलत होती. मेहुण्यांनी फोन फटीशी धरला.

“क्रेन निघाली का रे?” ताईने विचारलं.

“निघाली, ताई.”

खोटं नव्हतं ते. तासाभरात क्रेन नदीकाठी आली आणि तिथेच थांबली. वळशाचा घाटरस्ता दरड कोसळून बंद झालेला. पलीकडे माणसं पहारी घेऊन, हातांनी स्लॅब फोडत होती. साहेब दोन दिवस क्रेनशेजारी उभे होते. दुसऱ्या दुपारी मेहुण्यांचा फोन आला. ताई आता ओ देत नाही, एवढंच ते म्हणाले.

पुढे साहेबांनी मेहुण्यांना सगळं सांगून टाकलं. “ताईला भूकंपाने नाही मारलं. माझ्या सहीने मारलं.”

मेहुणे उठून आत गेले. त्यांनी पुन्हा कधी साहेबांशी बोलणं ठेवलं नाही.

साहेबांनी वरिष्ठांनाही लेखी कबुली दिली. चौकशीत कारण लागलं ‘नैसर्गिक आपत्ती’, आणि फाईल बंद झाली. आता ते प्रत्येक पुलाखाली स्वतः उतरतात, खांबाला हात लावून बघतात. बाकीचे टेबलावरच सह्या करतात.

वाचकहो, धरणी आपल्याला विचारून हलत नाही. पण मदत पोचणार की वाटेत अडणार, हे आपण कधीच ठरवून बसलेलो असतो. एखाद्या कंटाळवाण्या दुपारी, न बघता केलेल्या सहीने.