गाडी दुसऱ्या गिअरात होती

मी जीपगाडी बोलतेय. हसू नका. उद्या तुमची गाडी बोलायला लागली तर घरादाराला तोंड लपवावं लागेल, एवढं तिनं तुमचं ऐकलेलं असतं. आम्ही बोलत नाही म्हणून तुमचं चाललंय. मीही गप्पच राहिले असते, पण एका माणसावरचा खोटा आळ मला आता सोसवत नाही.

मला घडवणाऱ्या कंपनीचं नाव घेत नाही. जाहिरातीत माझा फोटो आणि खाली लिहिलेलं, ‘आयुष्यभराचा भरवसा’. कुणाच्या आयुष्याचा, ते मात्र लिहायला विसरले! त्र्याण्णव सालच्या दसऱ्याला कवठे महांकाळच्या लालासाहेबांनी मला सांगलीच्या शोरूममधून आणलं. रंगूबाईंनी ओवाळलं, चाकाखाली लिंबं ठेवली आणि मी त्यांच्या घरची झाले.

लालासाहेबांनी उमेदीची वर्षं लष्करात ट्रक चालवण्यात घालवलेली. निवृत्त होऊन द्राक्षबाग लावली, बाग पिकली आणि पहिली हौस केली ती माझी. रोज सकाळी चहाच्या आधी ते माझं ऑइल बघायचे, पाणी बघायचे, टायरवर थापटी मारायचे.

रंगूबाई फणकारायच्या, “आवं, माझी तब्येत कवा इचारली न्हाई, हिची रोज इचारताय!”

“तू बोलतीस की. ही कुटं बोलती?”

असा मालक मिळायला भाग्य लागतं. गिअर बदलला तरी कळू नये असा हात. वळणावर घाई नाही, म्हाताऱ्या माणसामागं हॉर्न नाही. गावातून निघाले की ऐटीत म्हणायचे, “आमची गाडी लय फ्री हाय, लोण्यावानी चालती!”

त्यांचा मुलगा जयराज म्हणजे दुसरं टोक. त्याला हॉर्न हाच ब्रेक वाटायचा. दोस्त दिसला की भर रस्त्यात मला उभी करून अर्धा तास गप्पा. मागं एसटी का खोळंबेना. उतार लागला की डिझेल वाचवायला मला न्यूट्रलमध्ये सोडून द्यायचा. आमच्याकडं सगळेच सोडतात म्हणा. आमचे ड्रायव्हर त्यालाच ‘गाडी फ्री सोडणं’ म्हणतात. लालासाहेबांना मात्र त्याची भयंकर चीड. घाट ज्या गिअरात चढायचा त्याच गिअरात उतरायचा, हे त्यांच्या अंगात भिनलेलं.

पुढच्या उन्हाळ्यात पुण्याला लेकीकडं निघालो. पुढं लालासाहेब आणि रंगूबाई, मागं जयराज, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला. खंबाटकीचा घाट उतरताना मी दुसऱ्या गिअरात होते. दुसऱ्याच! आणि वळणावर माझी ब्रेकची नळी फुटली. पायाखालचा ब्रेक पार तळाला गेला.

एका बाजूला दरी. दुसरा कुणी असता तर आज ही गोष्ट सांगायला कुणी उरलं नसतं. लालासाहेबांनी हँडब्रेक ओढत ओढत मला डोंगराच्या अंगाला घासत नेलं आणि मातीच्या ढिगात रुतवलं. रंगूबाईंचं मनगट मोडलं, माझा चेहरा चेमटला. बाकी सगळे धडधाकट.

मला ओढून सांगलीच्या शोरूममध्ये आणलं. तिथं टाय लावलेले कंपनीचे साहेब आले. माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “काका, उतारावर गाडी फ्री होती ना?”

लष्करात न्यूट्रलला न्यूट्रलच म्हणतात. लालासाहेबांना वाटलं, गाडी कशी चालत होती ते विचारतायत. माझी बाजू घेऊन ते अभिमानानं म्हणाले, “व्हय, एकदम फ्री हुती!”

“झालं तर मग. फ्री सोडल्यावर सगळा भार ब्रेकवर येतो. यात कंपनी काय करणार?”

लालासाहेबांच्या ध्यानात आलं तेव्हा साहेब पाठ फिरवून चालूही लागले होते. “आवं सायेब, तसं न्हवं... गिअरात हुती...”

साहेब थांबले नाहीत. लालासाहेबांनी मुलाकडं बघितलं. जयराज म्हणाला, “आबा, मला कायम शिकवत आला. आन तुमीच फ्री सोडली? आईचा जीव गेला असता!”

अरे गाढवा, झोपला होतास तू! रंगूबाईंना गिअर कशाशी खातात ते ठाऊक नाही. साक्षीदार मी एकटी, आणि मला तोंड नाही. त्या दिवसापासून लालासाहेबांनी माझ्या स्टिअरिंगला हात लावला नाही. सकाळी अंगणात यायचे, लांबूनच बघायचे आणि आत जायचे. टायरवरच्या त्या थापटीसाठी मी किती तळमळले, काय सांगू!

वर्षभरानं शोरूमचा निरोप आला, गाडी घेऊन या. जयराज घेऊन गेला. तेच साहेब हसून म्हणाले, “या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांची ब्रेकची नळी बदलून देतोय. काही ठिकाणी फुटल्या.”

जयराजचा चेहरा उतरला. “म्हंजे, आमच्या वेळी चूक गाडीचीच हुती?”

“चूक म्हणू नका हो. सुधारणा म्हणा.”

वाटेत जयराजनं एकदाही हॉर्न वाजवला नाही. मला वाटलं, आता हा घरी जाऊन बापाचे पाय धरणार. दारात लालासाहेबांनी विचारलं, “काय म्हनत्यात?”

“काय न्हाई आबा. सर्व्हिसिंग.”

लाजेनं जीभ उचलली नसेल त्याची. महिन्याभरात त्यानं मला विकूनच टाकलं.

आता मी आटपाडीच्या धुळा नावाच्या ड्रायव्हरकडं वडापला, म्हणजे भाड्याची माणसं वाहायला आहे. सहा माणसांच्या जागी चौदा माणसं कोंबून तो मला स्टँडावरून स्टँडावर पळवतो. पाठ मोडते, पण तक्रार तिची नाही.

परवा कवठ्याच्या स्टँडावर एक म्हातारा काठी टेकत आला आणि पुढं धुळाच्या शेजारी बसला. बसताना दारावर हात ठेवला आणि तो हात मी ओळखला. त्यांनीही मला ओळखलं. डॅशबोर्डवरून पंजा फिरवला. उतार लागला, धुळानं सवयीनं मला फ्री सोडलं.

“गिअरात घे रं बाबा,” लालासाहेब हळूच म्हणाले. “माणसं हायत गाडीत.”

धुळानं गिअर टाकला आणि हसून विचारलं, “तुमी ड्रायवर हुता व्हय आजोबा?”



“न्हाई गड्या,” ते म्हणाले. “मला कुटं येतीया गाडी.”

जयराज, कुठं असशील तिथून ऐक. कंपनीनं केलं ते कंपनीजवळ. पण तुझा बाप अजून जिता आहे, आणि त्याचं खरं होतं हे तुला माहीत आहे. आज घरी जा आणि त्याला सांग रे.