अस्वलाचा सिनेमा आणि आजोबांची वही

नुकताच टीव्हीवर आलेला अस्वलाचा कार्टून सिनेमा उद्या बालवाडीत दाखवणार होते. चार वर्षांच्या चिमणीला तो झेपेल का, हे ठरवायचं काम सुनेने आजोबांवर टाकलं. आजोबांनी उभा जन्म ग्रंथालयात काढलेला. वहीशिवाय त्यांचं पान हलत नसे. सिनेमा लावून त्यांनी टीव्हीकडे पाठ केली आणि चिमणीसमोर खुर्ची मांडली. पोर घाबरली की वहीत एक फुली. आपला अंदाज चुकायला नको, या धास्तीने त्यांनी तिच्यावरची नजर क्षणभरही हलवली नाही.

तासाभरात नऊ फुल्या झाल्या. दोनदा तर तिने उशीत तोंड खुपसलं.

"नऊ?" सून म्हणाली. "मग राहू दे बाई. उद्या घरीच बस."

चिमणीने भोकाड पसरलं. "अस्वलाला कोण घाबरतंय! ते धपकन पडलं तेव्हा मला हसायचं होतं."

"मग हसली का नाहीस?" आजोबांनी विचारलं.

"तुम्ही असं बघत होतात ना!" तिने डोळे बटाट्याएवढे केले, भुवया कपाळावर चढवल्या आणि हवेत पेन्सिल रोखली. "मला वाटलं, आता काहीतरी भयंकर होणार."

सुनेला हसू आवरेना. "बाबा, हुबेहूब हो!"

आजोबांचे कान लाल झाले. त्यांनी नऊच्या नऊ फुल्या खोडल्या आणि खाली लिहिलं: सिनेमा लहान मुलांना चालेल. आजोबा चालणार नाहीत.