हिरवा बिल्ला

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांशी कसं वागावं, याचं प्रशिक्षण आमच्या नोंदणी कार्यालयात झालं, तेव्हा मी मागच्या बाकावर डुलक्या घेत होतो. तरी अशा माणसांच्या मदतनिसाचा हिरवा बिल्ला मलाच मिळाला, कारण जागे असलेले आधीच सटकले होते. तेव्हापासून कोणी म्हातारा दारात घुटमळला की सगळ्या खिडक्या माझ्याकडे बोट दाखवतात. शेजारच्या खिडकीतल्या बाईंचं मन म्हणे हळवं आहे, त्यांना बघवत नाही. मग त्या हळव्या मनाने डबा उघडतात.

आप्पा रोज चारला येतात. माझ्याच खुर्चीत चौतीस वर्षं बसून ते निवृत्त झाले. चौतीस वर्षं लक्षात आहेत, निवृत्ती नाही. ते खुर्चीत बसतात, मी काचेबाहेर रांगेत उभा राहतो. रांगेत मी एकटाच. रांग संपल्याशिवाय ते उठत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं खोडायचं नाही असं प्रशिक्षणात सांगितलेलं. मी कोरा कागद सरकवतो, ते सही ठोकतात, त्यांची मुलगी त्यांना घरी नेते.

आज खिशात माझा बदलीचा अर्ज होता. पाचच्या आत वरच्या मजल्यावर पोचला नाही, तर पुढची संधी तीन वर्षांनी. घाईघाईत कोऱ्या कागदाऐवजी तोच सरकवला.

आप्पांनी चष्मा पुसून अर्ज वाचला. मग पुन्हा वाचला. पावणेपाच झाले. चुकीचा कागद आलाय, परत द्या, असं मी विनवलं. आत आलेला कागद असा बाहेर जात नसतो, हे त्यांनी शांतपणे समजावलं. शेजारच्या बाईंना त्याच क्षणी फोन आला, न वाजता. दाराशी उभी मुलगी कुजबुजली, "दादा, वाद नका ना घालू. मग ते रात्री जेवत नाहीत."

"सही कुठाय?" आप्पांनी विचारलं.

सही खरंच नव्हती. मी पेन मागितलं. पेन दोरीला बांधलेलं होतं आणि दोरी त्यांच्या बाजूला होती.

त्यांनी सुरेख अक्षरात शेरा मारला, 'त्रुटी. अर्जदाराने उद्या यावे.' अर्जाची घडी खिशात घातली, माझ्यामागे डोकावून रांग संपल्याची खात्री केली आणि उठले. पाच वाजले.

जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नका. मी इथेच असतो."

मी म्हटलं, "मीसुद्धा."