खिडकीतला एक

मी हातात धरून मोजायचा एक जुना काउंटर आहे, मित्रांनो. पोलादी, गोल, मुठीत मावेल एवढा. वर अंगठ्याने दाबायची पट्टी, समोर आकड्यांची छोटी खिडकी, उजवीकडे खुंटी. पट्टी दाबली की टिक् होते आणि आकडा एकाने वाढतो. एकाने कमी करणे मला जमत नाही. खुंटी फिरवली तर थेट शून्य. आणि हो, सुख-दुःख मला होत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझी उमेदीची वर्षे मॉरिशसच्या दक्षिणेला, सूयाकजवळच्या एका साखर कारखान्याच्या फाटकावर गेली. उसाची गाडी आत आली की टिक्. दिवसाकाठी आठशे-नऊशे. फाटकावरचा हरिलाल मला धरी आणि साहेब म्हणे, "माणूस चुकेल, हा चुकायचा नाही." पुढे तिथे गाड्या आपोआप मोजणारे मोठे यंत्र बसले. गरज सरो, वैद्य मरो! हरिलालने मला मागून घेतले आणि घरी नेले.

घर डोंगराच्या पायथ्याशी, रानाला लागून होते. त्याची बायको चंद्रकला कोंबड्या पाळी. एकाहत्तर साली एका आठवड्यात चार कोंबड्या नाहीशा झाल्या. समोरच्या सुरूच्या झाडावर तपकिरी पाठीचा, ठिपकेदार पोटाचा छोटा ससाणा बसे. गावात त्याला क्रिओलमध्ये 'मांझेदपूल' म्हणत, म्हणजे कोंबडीखाऊ. आजोबा-पणजोबांपासून तेच नाव, तेव्हा चौकशी कोण करतो?

"अवो, त्योच चोर हाय," चंद्रकला म्हणाली. "नावातच हाय की त्याच्या."

हरिलालने बंदूक काढली. एके दिवशी नर पडला, दुसऱ्या दिवशी मादी. जुन्या सवयीने त्याने मला दोनदा दाबले. उसाच्या गाडीचा आवाज आणि हा आवाज, फरक काहीच नव्हता.

तिसऱ्या दिवशी पाचवी कोंबडी गेली. हरिलालने खुराडे हलवून पाहिले तर खाली बीळ आणि बिळाच्या तोंडाशी मुंगूस, मिशांना पिसे चिकटलेली. मेलेल्या मादीच्या चोचीत तर हिरव्या पालीची शेपटी निघाली. चोर सोडून संन्याशाला फाशी!  त्या दिवसापासून हरिलाल फारसा बोललाच नाही. जेवी, कामाला जाई, परत येई. खिडकीतले दोन त्याने तसेच ठेवले.

मग जंगल खात्याची माणसे आली. हा ससाणा जगात फक्त याच बेटावर आहे आणि आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत, म्हणाली. कड्यावर बसून मोजायला कोणीतरी हवे होते. हरिलाल आपणहून गेला. वर पोचल्यावर त्याने माझी खुंटी फिरवली.

आमच्याकडे, विषुववृत्ताच्या दक्षिणेला, वसंत सप्टेंबरात येतो, गणपतीच्या दिवसांत. तेव्हा ससाणे कड्याच्या भोकांत घरटी करतात. खाली गाव ढोल वाजवत गणपती नदीवर नेई आणि हरिलाल वर बसून रिकामे आभाळ बघे. त्र्याहत्तर साली शून्य. चौऱ्याहत्तर साली शून्य. पंच्याहत्तरच्या फेब्रुवारीत मोठे सिक्लोन, म्हणजे चक्रीवादळ, आले आणि झाडांवर पान राहिले नाही. त्या सप्टेंबरात खात्यातली सुनयना कड्यावर आली.

"काका, ह्या वर्षी पण झेरो आला तर कडा बंद. ऑर्डर आलाय."

कडा बंद म्हणजे राखण बंद. राखण बंद म्हणजे खालचे रान तोडायला मोकळे.

"एक टिक् करून टाका की," रात्री चंद्रकला म्हणाली. "वर कोन बघतंय?"

मोजणीचा शेवटचा दिवस विसर्जनाचा होता. दुपारपर्यंत आभाळात काही नाही. खाली ढोल सुरू झाले. हरिलालने मला दाबले. माझ्या आयुष्यातला तो पहिला खोटा आकडा, पण टिक् तशीच झाली. त्याचा चेहराही तसाच राहिला. मग तो डबा उघडून फराटा, म्हणजे आमच्याकडचा पराठा, खाऊ लागला.

तेवढ्यात खालच्या रानातून ससाणा वर आला. पायांत हिरवी पाल. एक गिरकी घेऊन तो समोरच्या भोकात शिरला आणि आतून पिल्लांचा कालवा उठला.

हरिलाल ताडकन उठला. हातातला फराटा खाली पडला. अंगठा पट्टीवर आला आणि तिथेच थांबला. खिडकीत एक आधीच होता. दाबले तर दोन, म्हणजे खोटे. न दाबले तर हिशेब बरोबर, आणि कोणाला कधी कळलेही नसते. त्याने खुंटी फिरवून शून्य केले. मग पट्टी दाबली आणि चार वर्षांत पहिल्यांदा तो रडला.

"एक हाय, बाय. पिलं बी हायत, पन ती दिसली नाय, म्हनून मोजली नाय," संध्याकाळी तो सुनयनाला म्हणाला. "आधी एक खोटा लावलेला, तो पुसला. पन दोन मी मारलेत. ते कसे पुसू?"

सुनयनाने नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वहीत एक लिहिला.

कडा राहिला, रान राहिले. ऐंशीच्या दशकात तिथे बरेच ससाणे घिरट्या घालू लागले. ते मोजायला दुसरे काउंटर आले. हरिलालने मला पुन्हा कधी दाबले नाही. तो गेल्यावर चंद्रकलाने मला देवळातल्या मराठी वर्गाच्या कपाटात ठेवले.

तर मित्रांनो, एखाद्याला चोर म्हणण्याआधी खुराड्याखाली बघून घ्या. मला खुशाल हातात घ्या, माझ्यावरची धूळ पुसा. फक्त पट्टी दाबू नका आणि खुंटी फिरवू नका. मला काही वाटत नाही, हे मी सांगितलेच आहे. पण तो एक हरिलालचा आहे.