पाच जणींचं रक्त

ट्रस्टच्या दवाखान्यात सिस्टरनं कालिंदीला बाकावर बसवलं. शेजारी आणखी चौघी होत्या. एचआयव्हीच्या औषधानं रक्तातला विषाणू दबलाय का, ही महागडी तपासणी गरिबाला परवडावी म्हणून या ट्रस्टच्या लॅबनं एक तोड काढली होती. पाच जणींचं रक्त एकत्र करून एकदाच तपासायचं. विषाणू वाढलेला नसला, तर पाचही जणी सुटल्या. यावेळी मात्र वाढलेला निघाला.

"कुणातरी एकीला औषध लागू पडंना झालंय," सिस्टर म्हणाली. "आता एकेकीचं रक्त परत घ्यावं लागंल."

सातव्या महिन्यातली क्रांती हुंदके द्यायला लागली. "माझंच असणार! माझ्या बाळाचं काय हुईल?"

बाकावरचीच, कालिंदीच्या पेठेतली म्हातारी तानाबाई क्रांतीच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली.

कालिंदीला ठाऊक होतं कुणाचं ते. नवरा अमरसिंह, शिवाजी पेठेतला तालमीचा गडी. आजार मुळात त्याचाच, तिला त्याच्याकडनंच लागलेला. पण इथल्या रांगेत उभं राहिलं की म्हणे याची इज्जत जाते! मग काय, बायकोच्या नावच्या गोळ्या दोघांत. एक दिवस त्याचा, एक दिवस तिचा. वर शपथ घातलेली, कुठं बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. अर्धी भाकरी वाटून खावी तसं तिनं निमूट चालवलं होतं. आग लागो असल्या संसाराला!

"रडू नगंस, पोरी," कालिंदी एकदम म्हणाली. "माझंच हाय ते. गोळ्या आम्ही नवरा-बायको वाटून खातोय."

सिस्टरनं कपाळावर हात मारला. "अवो, अशानं दोघांनाबी औषध चालायचं बंद हुईल! जावा, आना त्यांना. आजच रक्त घेतो."

अमरसिंह रस्त्यापलीकडं गाडीवर बसला होता, तोंडाला रुमाल बांधून. शर्ट अंगावर लोंबत होता. कालिंदीनं भर रस्त्यात त्याचे पाय धरले.

"आत चला. रक्त द्या नुसतं. तुमच्या नावच्या गोळ्या मिळतील."

"आत पेठेतलं कोण हाय?"

"तानाबाई हाय."

"मग न्हाय." त्यानं हात पुढं केला. "गोळी दे. आज माझा दिवस हाय."

कालिंदीनं पिशवी छातीशी धरली. "आजपासनं सगळं दिवस माझं. तुमच्या गोळ्या आत हैत."

त्यानं गाडीला किक मारली. रुमालाच्या वर दिसणारे ते खोल गेलेले डोळे तिच्याकडं बघत राहिले. शपथेतलं मेलेलं तोंड आपण आत्ताच बघतोय, असं वाटून ती रस्त्यावरच मोठ्यानं रडायला लागली. पिशवी तिनं सोडली नाही.