बाणावर शब्द हवा

मी सीतालक्ष्मी. तंजावूरच्या मुलींच्या हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायची, आणि घोकंपट्टी ऐकली की माझं डोकं फिरायचं. त्रेसष्ट साली मी व्याख्या उतरवून देणंच बंद केलं. फळ्यावर तमिळमधून शब्द लिहायचे, त्यांना चौकटी करायच्या, बाणांनी जोडायच्या आणि प्रत्येक बाणावर कोण कुणाचं काय करतं ते लिहायचं. बिनशब्दाचा बाण दिसला की मी डस्टर आपटायची. हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, "ही कसली कोळिष्टकं?" म्हटलं, पोरी अडकल्या तरी पुष्कळ!

परीक्षेत मात्र व्याख्याच आल्या आणि माझ्या वर्गातली भामा नापास झाली. हट्ट माझा, शिक्षा तिला. पापनाशमहून तिचे वडील रघोजी आले. ते तिथल्या कालव्याच्या शटरवर कामाला होते, चाक फिरवून शेतांना पाणी सोडायचे.

"टीचरम्मा, शाळेतून नाव काढा हिचं. डोक्यात काही शिरतच नाही, तर घरी आईला हातभार लावेल."

भामा खाली मान घालून उभी. माझा जीव कळवळला, आणि पाराही चढला.

"काढते की! आधी तुम्हीच तिला एक प्रश्न विचारा. पुस्तकातला नको, तुमच्या कामातला."

रघोजींनी मिशीवरून हात फिरवला. "मी दहा दिवस शटर उघडलंच नाही, तर?"

भामानं खडू उचलला. कालवा, भात, मूळ, पान, किडे, बेडूक, अशा भराभर चौकटी काढून तिनं बाण जोडले आणि बोट फिरवत सांगू लागली. "मुळाला पाणी नाही. मग पान आपली बारीक तोंडं मिटून घेतं. मग त्याचा स्वयंपाक बंद, दाणा पोचट. बेडूकही जातात आणि किडे माजतात."

"बेडकांचं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, अप्पा. हा बाण बघा ना, बेडूक किडे खातो. तो गेला की किड्यांना मोकळं रान!"

अगं बाई! मला तर नाचावंसं वाटलं. पण रघोजी उठून फळ्याशी गेले आणि कालव्याच्या बाणावरचा शब्द लावून लावून वाचू लागले.

"पाणी येतं? आपोआप येतं होय गं? उन्हापावसात चाक काय तुझा मामा फिरवतो?"

भामानं जीभ चावली. 'येतं' पुसलं, कालव्याच्या वर नवी चौकट काढली, तिच्यात 'अप्पा' लिहिलं आणि बाणावर 'सोडतात'.

रघोजींनी त्या चौकटीपासून थेट बेडकापर्यंत बोट फिरवलं. मग उपरण्यानं डोळे पुसले. "बावीस वर्षं चाक फिरवतोय, टीचरम्मा. ते कुठवर पोचतं, ते आज कळलं."

मी हळूच विचारलं, "मग नावाचं काय?"

"राहू द्या." ते भामाकडे वळले. "पण त्या व्याख्याही पाठ कर, पोरी. परीक्षा घेणारे काही पापनाशमचे नाहीत!"