पेट्रोल पिणारा आत्मा

नेहरू नगरातल्या त्या कॉलनीच्या बागेत सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. काही जण तर कुंपणावर चढून बसले होते. सगळ्यांच्या मधोमध गवत कापायचं मशीन उभं होतं, झेंडूचा हार घातलेलं, आणि त्याच्यापुढे बसले होते मौनगिरी महाराज. नावात मौन असलं तरी महाराजांचं तोंड आल्यापासून मिटलं नव्हतं.

"विलास! प्यासा है तू! टंकी पे टंकी पी गया! कल बांधा तुझे, देखो भक्तो, बंधा कि नहीं!"

विलास म्हणजे बागेचा माळी, मूळचा पांढुर्ण्याकडचा. उन्हाळ्यात याच हिरवळीवर तो छातीत कळ येऊन कोसळला आणि उठलाच नाही. बरेच दिवस मशीन शेडमध्ये पडून राहिलं. नवा माळी आला, मशीन बाहेर निघालं, आणि प्रकार सुरू झाला. संध्याकाळी टाकी भरावी, शेडला कुलूप लावावं, सकाळी पाहावं तर टाकी कोरडी. कुलूप जसंच्या तसं, फरशीवर एक थेंब नाही. वर मशीन सुरू केलं की पांढऱ्या धुराचा लोट. त्या धुरात कुणाला विलासच्या मिशा दिसल्या, कुणाला त्याचा हात.

नलिनी वझलवार गर्दीच्या कडेला उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची, तिचा नवरा उदय कॉलनीच्या कमिटीचा सचिव. गळती असणार म्हणून तिने मशीनखाली वर्तमानपत्रं अंथरून पाहिली होती. नळी तपासली, टाकीचे सांधे तपासले. टाकी सकाळी रिकामी आणि कागद कोरडे. "मॅडम, आत्मा ठिबकत नसतो," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. तेव्हापासून तिला चैन नव्हतं.

आदल्या दिवशी महाराजांनी मशीनवर शाल पांघरली, शालीखाली हात घालून मंत्र पुटपुटत टाकीच्या बुडाशी काळा दोरा बांधला. मग टाकी भरली, कुलूप लावलं. आणि आज झाकण उघडलं तर टाकी काठोकाठ भरलेली! बाग दणाणली.

महाराजांनी हात वर केला. "मशीन से तो निकला. पर गया कहाँ? अपनी औरत में!"

सगळ्या माना वळल्या. शेडला लागून असलेल्या खोलीच्या दारात विलासची बायको सुशीला उभी होती. ती दचकून आत सरकली. महाराजांनी उपाय सांगितला. संध्याकाळी खोली बंद करून सुशीलाला मिरच्यांची धुरी द्यायची आणि मग तिने कॉलनी सोडून जायचं. पुन्हा इथे फिरकायचं नाही.

नलिनी घरी आली ती तणतणतच.

"तिला दमा आहे, उदय! बंद खोलीत मिरच्यांचा धूर? मरेल ती."

"मला पटतंय का? पण अख्खी कॉलनी एका बाजूला आहे," उदय म्हणाला. "लोक विचारतात, टाकी रिकामी कशी व्हायची आणि दोऱ्याने थांबली कशी? तू सांग, मी सगळ्यांसमोर बोलतो."

नलिनीने पुसलेला ओटा पुन्हा पुसला. वर्तमानपत्र उघडलं, मिटलं. शेवटी हाताला काहीतरी काम हवं म्हणून थालीपीठ लावायला घेतलं. लक्ष नव्हतंच. तापल्या तव्यावर तेलाची धार जास्त पडली आणि स्वयंपाकघर पांढऱ्या धुराने भरलं.

नलिनी तवा तसाच टाकून उभी राहिली. पांढरा धूर! तेल जळल्याचा धूर. मशीनमध्ये तेल जळतंय, म्हणजे इंजिनातलं ऑइल वाढून नको तिथे पोचलंय. पण तेल तर कुणी वाढवलं नाही. मग वाढलं कशाने?

तिने गॅस बंद केला आणि चपला अडकवून थेट शेड गाठली. इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी ओढून काढली. ऑइल खुणेच्या कितीतरी वर, पाण्यासारखं पातळ. नाकाशी नेलं तर पेट्रोलचा भपकारा.

पेट्रोल बाहेर गळतच नव्हतं. ते इंजिनाच्या पोटात गळत होतं.

पण मग दोऱ्याने थांबलं कसं? हे कोडं सुटायच्या आत संध्याकाळ झाली. बागेत धुनी पेटली, मिरच्यांची पाटी आली. दोन बायका सुशीलाला दंडाला धरून घेऊन आल्या.

"मी काई नाई केलं वो बाई," ती नलिनीकडे पाहून म्हणाली. तिला आत्ताच धाप लागली होती.

"थांबा!" नलिनी पुढे झाली. "उदय, आधी ती धुनी विझव. मला मशीन उघडायचंय, पेट्रोलजवळ आग नको."

महाराज गरजले, "बंधन मत छूना! भस्म हो जाओगी!"

"होऊ दे," ती म्हणाली. उदयने बादली उचलून धुनीवर ओतली. लोक कुरकुरले, पण नवऱ्यानेच ओतली म्हटल्यावर कुणी अडवलं नाही. नलिनीने मशीन बाहेर ओढलं, कात्रीने दोरा कापला. दोऱ्याच्या वेटोळ्याखाली नळीवरची, पेट्रोल बंद करायची छोटी चावी होती. आडवी. बंद. ती क्षणभर बघतच राहिली. मग घाईघाईने चावी उभी केली, पुन्हा आडवी, पुन्हा उभी, आणि त्याच घाईत कार्ब्युरेटर सोडवायला नळी ओढून काढली. चावी बंद करायचं राहूनच गेलं. पेट्रोलची धार उडाली ती थेट महाराजांच्या भगव्या वस्त्रांवर.

"अरे, पहले कॉक बंद कर! कॉक बंद कर!" महाराज ओरडत मागे सरकले.

नलिनीने चावी फिरवली. धार थांबली.

"कुठला कॉक, महाराज?" उदयने विचारलं. "इथे तर तुम्ही आत्मा बांधला होतात ना?"

तेव्हा पहिल्यांदा मौनगिरी नावाला जागले.

नलिनीने कार्ब्युरेटर खोलला. आत एक बारीक सुई होती. पेट्रोल पुरेसं झालं की ती तोंड बंद करते. मशीन पडून राहिल्यामुळे तिच्या टोकाशी कचरा बसला होता, तोंड बंद होत नव्हतं. मग ऑइलचं बूच काढलं. घमेल्यात ऑइल पडलं, पडतच राहिलं. पेट्रोलच्या वासाने पुढच्यांनी नाकं दाबली.

"हे प्यायला तुमचा विलास," ती म्हणाली. "रात्रभर पेट्रोल या सुईतून आत उतरायचं आणि ऑइलमध्ये मिसळायचं. सकाळी तेच जळून पांढरा धूर यायचा. चावी बंद केली की उतरायचं थांबतं. दोरा नुसता दाखवायला."

लोक घमेल्याकडे वाकून पाहत होते, तोवर महाराजांनी काढता पाय घेतला. झोळी तिथेच राहिली.

सुशीला खोलीच्या पायरीवर बसली होती. नलिनी तिच्याजवळ गेली.

"आता तुला कुणी हलवणार नाही."

"म्हंजे ते येतच नव्हते?" सुशीलाने विचारलं. "मले वाटे, रात्री शेडमध्ये आहेत. म्हून झोप लागे."

नलिनी तिच्या शेजारी बसली, तिचा हात हातात घेतला. गर्दी अजून हलली नव्हती. सुशीलाला धरून आणणाऱ्या त्या दोन बायका खाली मान घालून उभ्या होत्या.

"ऐकलंत ना?" नलिनी त्यांच्याकडे पाहून म्हणाली. "हिचा नवरा गेला आणि आपण हिला कोंडून मिरच्या जाळणार होतो. का, तर टाकी का रिकामी होते हे आपल्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. माहीत नसलं की माहीत नाही म्हणावं, शोधावं, सापडेपर्यंत विचारत राहावं. पण माहीत नाही म्हणून माणसाचा जीव घ्यायला निघू नये."

मग त्या दोघींतली एक पुढे आली आणि सुशीलासाठी पाणी आणायला आत गेली.